‘कागद वेळेत का नाही केले?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कांद्यावरच्या निर्यात शुल्काबद्दल मी जो लेख लिहिला होता, त्यावर ‘एक ग्राहक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. खाली दोन ओळी टाकून तिला उत्तर होणार नाही, म्हणून स्वतंत्र लिहितो आहे.

मूळ लेखातलं म्हणणं थोडक्यात असं होतं. १९ ऑगस्ट २०२३ला केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ते लगेच लागू झालं, आणि आधीच बंदरात पोहोचलेल्या पण कस्टम्सचा अंतिम हुकूम न मिळालेल्या मालालाही ते लागलं. बंदरातल्या त्या मालाला वगळता आलं असतं, आणि वगळायला हवं होतं.

यावर ‘एक ग्राहक’ लिहितात: “महागाई रोखणं सरकारचं कामच आहे. डब्ल्यूटीओलाही (जागतिक व्यापार संघटनेलाही) असं शुल्क चालतं. ज्यांचा माल अडकला त्यांनी कागद वेळेत करायला हवे होते. दलालांच्या रडगाण्याला शेतकऱ्याचा मुखवटा चढवू नका. आणि शुल्क कधीच उठलं, आता हे उकरून काय मिळवता?”

महोदय, तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे. त्या वर्षी शहरातल्या माणसाला कांदा महाग पडत होता, ही कुणी रचलेली गोष्ट नव्हती. माझ्याही घरात भाजी विकतच येते.

पण ‘दलाल’ हा शब्द तुम्ही कुणासाठी वापरलात, याचा जरा विचार करा. माझे वडील निफाड तालुक्यात कांदा करायचे. कांदा साठवायच्या चाळीतला माल ट्रॅक्टरमध्ये भरून लासलगावच्या बाजारात नेताना मी त्यांच्याबरोबर गेलो आहे. लिलावात पुकारा खाली आला की त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलं आहे. मी पुढे क्लिअरिंगच्या, म्हणजे निर्यातदारांचे कस्टम्समधले कागद करून देण्याच्या कामात शिरलो, शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सला द्यायचा कागद) टाइपरायटरवर चार प्रतींत काढायचे त्या काळात. पुढे सगळं संगणकावर आलं, आइसगेट हे कस्टम्सचं ऑनलाइन पोर्टल आलं, तेही शिकलो. या दोन्ही टोकांची माणसं मी जवळून पाहिली आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणालाही एका शब्दात निकालात काढायचा हक्क टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाला मी देणार नाही. मतभेद असू द्या, पण भाषा सांभाळा. मुखवट्याचा आरोप करताना स्वतः कशामागे उभे राहून बोलतो आहोत, हेही पाहावं.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो: कागद वेळेत करायला हवे होते.

निर्यातीचं काम पाहिलेला माणूस हे वाक्य लिहिणार नाही. पिंपळगावहून माल निघतो, तेव्हा शिपिंग बिल बहुधा भरलेलं असतं. म्हणजे निर्यातदाराने कस्टम्सला कळवलेलं असतं की अमुक माल, अमुक किमतीला, अमुक देशात जातो आहे. गाडी न्हावा शेव्याला येते, माल हजर झाल्याची नोंद होते, लागली तर तपासणी होते, आणि मग अधिकारी माल बोटीवर चढवायला परवानगी देतो. या परवानगीला आम्ही ‘लेट एक्सपोर्ट ऑर्डर’, बोलताना नुसतं एलईओ म्हणतो. कस्टम्स कायदा, १९६२, कलम ५१ची ही परवानगी. आणि त्याच कायद्याचं कलम १६ सांगतं की निर्यात शुल्काचा दर या परवानगीच्या तारखेचा धरायचा. शिपिंग बिल कोणत्या दिवशी भरलं, विदेशी गिऱ्हाइकाशी सौदा कधी झाला, माल गेटमधून आत कधी आला, यांतली एकही तारीख दर ठरवत नाही.

म्हणजे निर्यातदाराच्या हातातले सगळे कागद वेळेत, बिनचूक, पूर्ण असू शकतात, आणि तरी दर बदलतो. शेवटचा कागद त्याच्या हातातच नसतो. तो अधिकाऱ्याच्या सहीचा असतो, आणि ती सही रांगेवर, बोटीच्या वेळेवर, सुटीच्या दिवसांवर अवलंबून असते. १९ ऑगस्ट २०२३ शनिवार होता. शुक्रवारी आत आलेल्या कंटेनरला सही मिळाली असेल तर शुल्क शून्य. तशाच शेजारच्या कंटेनरला सोमवारी मिळाली तर ४० टक्के. या दोघांत निष्काळजी कोण, ते तुम्ही सांगा.

आणि ४० टक्के म्हणजे किती, याचा हिशेब प्रतिक्रियेत कुठेच दिसला नाही, म्हणून मी करतो. समजा एका कंटेनरमध्ये २८ टन कांदा आहे आणि टनाला ३०० डॉलरचा सौदा आहे. मालाची किंमत झाली ८४०० डॉलर. शुल्क ३३६० डॉलर, तेव्हाच्या भावाने पावणेतीन लाख रुपयांच्या वर. कोलंबोचा किंवा दुबईचा गिऱ्हाईक ठरलेल्या भावापेक्षा एक डॉलरही जास्त देत नाही, कारण त्याने सौदा केला तेव्हा हे शुल्क नव्हतंच. माल परत आणायचा तर भाडं, बंदराचे आकार, आणि तोवर कांदा मोड धरतो. लोखंडाचे गज असते तर महिनाभर थांबवता आले असते. माझ्या ओळखीतल्या एका छोट्या निर्यातदाराने तेव्हा बायकोचे दागिने गहाण टाकून शुल्क भरलं, कारण गिऱ्हाईक तुटलं की परत जुळत नाही. त्याला दलाल म्हणा, तो ऐकून घेईल. मी ऐकून घेणार नाही.

शेतकऱ्याचा मुखवटा म्हणता? शुल्क लागल्यावर नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. चाळीत उन्हाळ कांदा भरून बसलेल्या माणसाला माल विकायला जागा उरली नाही. केंद्राला तातडीने आणखी २ लाख टन कांदा नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत क्विंटलला २४१० रुपयांनी घेण्याची घोषणा करावी लागली. निर्यातदाराच्या डोक्यावर पडलेला भार लिलावाच्या पुकाऱ्यात शेतकऱ्याकडून वसूल होतो, हे लासलगावात शाळकरी पोरालाही कळतं.

माझ्या लेखाचा खरा मुद्दा यापुढचा होता, आणि त्याला तुम्ही हातही लावला नाहीत.

त्याच ऑगस्टमध्ये, कांद्यानंतर सहाच दिवसांनी, २५ तारखेला सरकारने उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क लावलं. तिथे मात्र सवलत होती: जो तांदूळ बंदराच्या आवारात पडला आहे, ज्याला एलईओ मिळालेली नाही, पण ज्यामागे आधीची वैध लेटर ऑफ क्रेडिट (गिऱ्हाइकाच्या बँकेने पैशांची दिलेली हमी) आहे, त्याला शुल्क माफ. कलम १६ तेच होतं, खातं तेच होतं, तरी माफी देता आली, कारण सूट देण्याचा अधिकार सरकारला कलम २५ने दिलेलाच आहे. मग पुढे ८ डिसेंबर २०२३पासून कांद्याच्या निर्यातीवर थेट बंदीच आली. ती विदेश व्यापार महासंचालनालयाची होती, १९९२च्या वेगळ्या कायद्याखाली. त्या बंदीतही आधीच कस्टम्सच्या ताब्यात दिलेल्या, नोंद झालेल्या मालाला बाहेर जाऊ दिलं होतं. म्हणजे बंदरात उभ्या कांद्याला बंदीने वाट दिली आणि शुल्काने दिली नाही. तांदळाला जे सुचलं ते कांद्याला का सुचलं नाही, हा माझा प्रश्न होता. तुमच्या प्रतिक्रियेत या प्रश्नाला उत्तर म्हणून काय आहे? काहीच नाही.

डब्ल्यूटीओचं म्हणाल तर तिच्या गॅट या व्यापार कराराचं अकरावं कलम निर्यातबंदीला मनाई करतं, अन्नटंचाईसाठी तात्पुरती मुभा देतं, आणि शुल्काला आडवं येत नाही. हे मला ठाऊक आहे. शुल्क बेकायदा होतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर जास्त बोलायचं कारण नाही. महागाईचंही तेच. बंदरात अडकलेल्या कंटेनरांनी दिल्लीचा किरकोळ भाव ठरत नाही.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, “आता हे उकरून काय मिळवता?” बंदी मे २०२४मध्ये उठली, पण सोबत टनाला ५५० डॉलरचा किमान निर्यात दर आणि ४० टक्के शुल्क लावूनच. दोन्ही मिळून टनाला ७७० डॉलर. किमान दर १३ सप्टेंबर २०२४ला गेला आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं; ते १ एप्रिल २०२५पासून शून्य झालं. म्हणून विषय संपला, असं ज्याचा माल कधी रस्त्यात नव्हता तोच म्हणू शकतो. कस्टम्स टॅरिफ कायद्याचं कलम ८ जागेवर आहे. त्याखाली सरकार पुढच्या कुठल्याही शनिवारी संध्याकाळी पुन्हा निर्यात शुल्क लावू शकतं, आणि कलम १६ पुन्हा एलईओच्याच तारखेकडे बोट दाखवेल.

मी मागतो आहे ते एवढंच: निर्यात शुल्काच्या प्रत्येक अधिसूचनेत, माल कोणताही असो, आधी शिपिंग बिल भरून बंदरात हजर झालेल्या मालाला वगळणारं एक वाक्य. तांदळासाठी ते लिहून झालेलं आहे, नव्याने शोधायचं नाही. ते कांद्यासाठी लिहू नये असं तुमचं मत असेल, तर का लिहू नये ते सांगा. या वेळी कुणाला दलाल न म्हणता.