खाडीचा फोटो आणि माझी केळी

सकाळी सकाळी डोकं फिरलं. ऐरोलीच्या मावसभावानं चौदाव्या मजल्यावरून खाडीचा फोटो टाकला आणि वर लिहिलं, 'बघा केवढं जंगल! पर्यावरणवाले उगाच बोंबलतात.' खाली आमच्या रावेरकडच्या केळीवाल्या मंडळींचे धडाधड अंगठे.

गेल्या दिवाळीत ह्यानंच मला त्या खाडीवर नेलं होतं. ओहोटी होती. चिखलातून बोटाएवढी मुळं वर आलेली, हवा घ्यायला. त्यांनाच गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या गुंडाळलेल्या. ही मुळं तिवराची, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या एका कांदळवन-झाडाची (मॅन्ग्रोव्ह). मी त्याच्या पानाला जीभ लावली. खारट! जास्तीचं मीठ हे झाड पानातून बाहेर टाकतं. भाऊ हसला, "तुले काय करनं रे भो खाडीचं?"

काय करनं? आपली तापीसुद्धा शेवटी सुरतेपुढं खाडीतच जाते ना!

आणि फोटोतलं ते जंगल बहुतेक एकट्या तिवराचं आहे, भाऊ. शहराचं सांडपाणी सोसून तोच चिवटपणे तगतो. कांदळवनातली बाकीची झाडं कुठंयत? कांदळ कुठंय? शेवग्याच्या शेंगांसारखी रोपं झाडावरच लोंबतात त्याची. काजळा कुठंय? चिप्पी हे त्यातलंच आणखी एक झाड; 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचं कांदळवन-झाड ठरवलं. तुझ्या फोटोत एक चिप्पी दाखव, हापूसची पेटी माझ्याकडून.

हे केळीवाल्यांना सांगावं लागतं, याचाच जास्त राग येतो. शिवारभर केळीची एकच जात, ग्रँड नैन, आणि हरण्या हा विषाणूचा रोग आला की काय होतं ते अंगठेवाल्यांना माहीत नाही? दीड महिन्याची रोपं मी स्वतःच्या हातानं उपटून बांधावर टाकलीत. लांबून तेव्हाही माझं शेत हिरवंच दिसत होतं. तिवरावरही पावसाळा सरता सरता अळी पडते आणि पट्टेच्या पट्टे तपकिरी होतात. पुन्हा फुटतात, हेही खरं.

बरं, 2005 मध्ये हायकोर्टानं तोड थांबवली, 2012 पासून वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे. त्यामुळे इतकं तरी उरलं, मान्य. तिवराशीही माझं भांडण नाही. बिचारा एकटा किती सोसणार?

जाऊ दे. भावा, राग मानू नको, तू नेलंस म्हणून तर मला हे दिसलं. उन्हाळ्यात येतोय. ओहोटीची वेळ बघून ठेव, गमबूट आणि दोन रिकामी पोती घे. मुळांच्या पुड्या सोडवू. आणि ह्या वेळी पान चाटायची पाळी तुझी.