गृहकर्ज घेताना काहीही विचारू नये

पहिलेच घर घेणाऱ्या सुजाण वाचकांनी कर्जाच्या कागदपत्रांवर सह्या करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे : कागद वाचू नयेत. सही कुठे करायची तिथे बँकेच्या माणसाने पेन्सिलीने फुली मारलेलीच असते. त्या फुल्यांच्या मागोमाग शेवटच्या पानापर्यंत जावे आणि आलेला चहा प्यावा.

‘हप्ता किती बसेल?’ एवढाच प्रश्न विचारण्याची मुभा आहे. ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता ४३,३९१ रुपये बसतो, पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये निव्वळ व्याजात जातात आणि वीस वर्षांत व्याजच ५४ लाखांवर पोहोचते, असली आकडेमोड करून शुभकार्यात विघ्न आणू नये.

५० लाखांचे कर्ज फार तर घराच्या किमतीच्या ८० टक्के मिळते आणि पुण्यातले सात टक्के मुद्रांक शुल्क बँक त्या किमतीत धरत नाही, हे नोंदणीच्या आदल्या रात्री कळलेले उत्तम.



मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. हप्ता वाढला नाही, यातच समाधान मानावे.

विम्याबाबत तर कायम कृतज्ञ असावे. गेल्या महिन्यात आमच्या मंजुरीपत्रात १ लाख ४० हजारांच्या एकरकमी हप्त्याचा आयुर्विमा आपोआप उगवला, तोही कर्जाच्या रकमेतच मिळवलेला. आमच्या जिवाची एवढी काळजी नातेवाइकांनीही कधी केली नव्हती. मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) आधीच काढलेला आहे, हा नको, असे म्हणून पॉलिसी दाखवली, तेव्हा अधिकारी अत्यंत अदबीने म्हणाले, “सर, सिस्टीममध्ये ते कंपल्सरी आहे.” कोणत्या नियमाने, असे विचारताच फाईल ‘वर’ गेली. वर म्हणजे नेमकी कुठे, हे शाखेत कोणालाही सांगता येईना. इकडे बिल्डरचे पैसे मागणारे डिमांड लेटर येऊन पडलेले, उशीर झाला तर त्यावर व्याज, आणि फोन करावा तर पलीकडून तेच उत्तर, “तुमचा विम्याचा फॉर्म तेवढा राहिलाय ना, म्हणून अडलंय.” फाईल कुठे आहे हे ज्यांना माहीत नव्हते, त्यांना ती कशासाठी अडली आहे हे मात्र पक्के माहीत होते! तेच १ लाख ४० हजार वीस वर्षांच्या हप्त्यांत फेडले की सुमारे २ लाख ९२ हजार होतात, आणि अशा बहुतेक पॉलिसींत कर्ज उतरत जाईल तसे विम्याचे संरक्षणही घटत जाते. याला सेवा म्हणायचे? ही सरळसरळ अडवणूक आहे.

आता उपरोध पुरे. ठरावीक कंपनीचाच विमा घ्या, अशी सक्ती करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे आणि टेबलापलीकडच्या माणसाला ते पुरते ठाऊक असते. विमा विकण्याचे टार्गेट त्याचे, पैसे आपले. पण तुम्हीही काही कमी नाही. टाइल्सचा रंग ठरवायला महिनाभर दुकाने पालथी घालता आणि वीस वर्षांचा करार वाचायला तुम्हाला पंधरा मिनिटे मिळत नाहीत? ‘जाऊ दे, सगळेच घेतात’ असे म्हणून तुम्ही मुकाट्याने सही करता, म्हणूनच नाही म्हणणाऱ्याची फाईल अडते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जासोबत सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर आणि विम्यासारखे, बँकेमार्फत इतरांना जाणारे शुल्क दाखवणारे विवरणपत्र देणे बँकेवर बंधनकारक आहे. ते सहीच्या आधी मागा आणि तिथेच बसून वाचा. ‘कंपल्सरी’ हा शब्द लेखी मागा. आणि पॉलिसी गळ्यात पडलीच असेल, तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ते दिवस वास्तुशांतीच्या याद्या करण्यात घालवू नका.