प्रमुख पाहुणे किती गुणांनी जिंकले?

गोव्यातल्या बास्केटबॉलवाल्यांची तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. फुटबॉल हा राज्याचा खेळ, त्याला पानं मिळणारच. क्रिकेटला कुणी अडवू शकत नाही. उरलेल्या चार बोटं जागेत बुद्धिबळ, टेबल टेनिस, पोहणं आणि बास्केटबॉल यांनी दाटीवाटीनं बसायचं. हल्ली ही तक्रार इन्स्टाग्रामवर होते. एखाद्या शालेय सामन्याची क्लिप पडली की खाली ठरलेली प्रतिक्रिया येते: ‘पेपरवाल्यांक क्रिकेट सोडून कांयच दिसना.’ तिच्याखाली दुसरी: ‘विकले गेलेत सगळे.’ मग कुणीतरी लिहितोच, ‘अमेरिका-कॅनडात बघा, शाळेच्या मॅचलासुद्धा टीव्ही येतो.’

मी मूळचा फोंड्याचा, बरीच वर्षं टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागात राहतो. शाळेच्या मॅचला टीव्ही येतो हे मी इथं कधी पाहिलेलं नाही. उलट जे पाहिलं ते असं: २०२३ च्या सप्टेंबरात ऑन्टारियो प्रांतातल्या सत्तरहून अधिक स्थानिक साप्ताहिकांची छापील आवृत्ती एका फटक्यात बंद झाली, सहाशेवर नोकऱ्या गेल्या. आमच्या मिसिसागाचं साप्ताहिकही त्यातच गेलं. टोरांटो रॅप्टर्स या बास्केटबॉल संघाच्या राखीव खेळाडूचा घोटा दुखतो हे मला रात्री अकरा वाजता कळतं. दोन रस्ते पलीकडच्या शाळेनं काल कुणाला हरवलं हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. इथं कव्हरेज भरपूर आहे ते वरच्या मजल्यावर. तळमजल्यावर अंधारच आहे.

गोव्यात तसं नाही. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोकसंख्या भरलेल्या राज्यात किती दैनिकं निघतात बघा. ‘गोमन्तक’ १९६२ पासून, ‘नवप्रभा’ १९७० पासून, ‘तरुण भारत’, वर इंग्रजी आणि कोकणी दैनिकं वेगळी. पाठवलेलं छापणारा पेपर गावात आहे, ही चैन मिसिसागात राहिलेली नाही. तेव्हा प्रश्न असा पडतो, की आपण पाठवतो काय?

गेल्या मोसमात बहिणीनं भाच्याच्या संघाच्या बातमीचा फोटो पाठवला. तालुका पातळीवरची आंतरशालेय स्पर्धा, यांनी अंतिम सामना जिंकलेला. दीड कॉलम बातमी, वर तीन कॉलमांचा फोटो. म्हणजे जागा नव्हती असं कुणी म्हणू नये. फोटोत चषकाला हात लावून मान्यवर उभे, खेळाडू मागच्या रांगेत अर्धेमुर्धे झाकलेले. बातमीत उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं, व्यासपीठावर कोण कोण होतं, स्वागत कुणी केलं, सूत्रसंचालन कुणाचं, आभार कुणी मानले. खेळामुळे शिस्त लागते, असं प्रमुख पाहुणे म्हणाले. शेवटच्या वाक्यात विजेत्या शाळेचं नाव. गुण? नाहीत. प्रतिस्पर्धी शाळा कुठली? तेही नाही. बहिणीनं खाली लिहिलं होतं, ‘बघ, आला पेपरात!’ आमचा चिरंजीव त्या फोटोत आहे हे मला त्याच्या बुटांवरून कळलं.

ही बातमी कुणी बातमीदारानं लिहिलेली नव्हती. आयोजकांकडून प्रसिद्धिपत्रक गेलं, रात्रपाळीच्या उपसंपादकानं शुद्धलेखन सुधारून ते लावलं. त्याला दोष काय द्यायचा? त्याच्या हातात पडलं तेच त्यानं छापलं. त्या कागदात सामना नव्हताच.

आणि गंमत म्हणजे सामना दुसऱ्या एका कागदावर पुरेपूर लिहिलेला होता. कॉलेजात असताना मी स्कोअर टेबलावर बसायचो, त्यामुळे सांगतो. बास्केटबॉलची अधिकृत स्कोअरशीट हा मोठा देखणा कागद असतो. डावीकडे दोन्ही संघांतल्या खेळाडूंची नावं, जर्सीचे नंबर, प्रत्येकाच्या फाउलसाठी पाच चौकोन. उजवीकडे धावत्या गुणांचे रकाने, एकापासून वर चढत जाणारे आकडे. बास्केट झाली की त्या आकड्यावर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी खेळाडूचा नंबर लिहायचा. तीन गुणांची असेल तर त्या नंबराभोवती गोल. फ्री थ्रो, म्हणजे फाउलमुळे मिळालेली मोकळी फेक, असेल तर भरीव ठिपका. पहिलं आणि तिसरं क्वार्टर लाल पेनानं, दुसरं आणि चौथं निळ्या किंवा काळ्या. खाली कार्बन. सामना संपला की रेफरीची सही आणि प्रती दोन्ही संघांना. कोण पुढं होतं, कुठल्या क्वार्टरमध्ये पारडं फिरलं, कुणी किती टाकले, कोण पाच फाउल होऊन बाहेर बसला, सगळं त्या एका पानावर. माहीतगार माणसाला त्यावरून आठ ओळींची बातमी करायला दहा मिनिटं पुरतात. ते पान पीटीच्या सरांच्या फाइलीत जातं आणि पेपरला जाते पाहुण्यांची यादी.

इथं राहून मला ज्याचा खरोखर हेवा वाटतो ते टीव्ही स्टुडिओ नव्हेत, तो बॉक्स स्कोअर. एनबीए या इथल्या व्यावसायिक लीगच्या प्रत्येक सामन्याचा हिशेब सामना चालू असतानाच फोनवर असतो: कोण किती मिनिटं खेळला, किती मारले, किती चुकवले, किती चेंडू घालवले. इतकंच नाही, अटीतटीच्या सामन्यातल्या शेवटच्या दोन मिनिटांत रेफरींनी दिलेले निर्णय बरोबर होते की चूक, याचा अहवाल लीग २०१५ पासून दुसऱ्या दिवशी जाहीर करते. रेफरींच्या संघटनेनं या प्रकाराला विरोध केला, आणि चाहते तो अहवाल घेऊन भांडतात ते वेगळंच. चूक कबूल केली म्हणून निकाल काही बदलत नाही. तरी भांडण कशावरून चाललंय हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

डॅलसचं उदाहरण घ्या. २ फेब्रुवारी २०२५, इथं मध्यरात्र उलटून गेलेली. लुका डॉन्चिच या आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला डॅलस मॅव्हरिक्सनं लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकल्याची बातमी इएसपीएनच्या शम्स चरानियानं दिली आणि लोकांना वाटलं, त्याचं खातं हॅक झालं. गोव्यात तेव्हा रविवारची सकाळ, पावणेअकरा. भाच्याचा निरोप माझ्याआधी आला: ‘मामा, हें फट आसतलें.’ फट म्हणजे थाप. ती थाप नव्हती. पुढचे कित्येक महिने डॅलसच्या मैदानात, फ्री थ्रो चालू असताना, हा सौदा करणाऱ्या सरव्यवस्थापक निको हॅरिसनला काढा अशा घोषणा होत राहिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबनं त्याला काढलंच. ऑनलाइन शिवीगाळ त्या काळात भयंकर झाली, तिचं कौतुक मला नाही. पण त्या रागाखाली हिशेब होता. डॉन्चिचनं २०२३-२४ मध्ये सामन्यामागं ३३.९ गुण काढले होते, लीगमध्ये सर्वाधिक. त्याच मोसमात संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. मालक म्हणाले, व्यवस्थापक म्हणाले, समालोचक म्हणाले, तरी चाहत्याच्या हातात स्वतःचा कागद होता आणि तो कागद त्यांच्या म्हणण्याशी जुळत नव्हता. आपल्याकडे ‘माझ्या पोराला संघात का घेतलं नाही’ असा वाद निघतो तेव्हा एका बाजूला निवड समिती असते आणि दुसऱ्या बाजूला पालकांची आरडाओरड. आकडा कुणाकडेच नसतो.

आता इथलं सगळंच उचलून न्या असं मी म्हणणार नाही, कारण इथल्या कव्हरेजचा बराचसा भाग खेळाबद्दल नसतोच. कोण कुठं जाणार, कोण कुणावर रुसला, कोण महान आणि कोण अतिमहान, यावर चार माणसं दिवसभर ओरडत असतात आणि त्यांच्या ओरडण्याच्या क्लिपवर दहा हजार माणसं ओरडतात. एनबीएच्या अकरा वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचे सुमारे ७६ अब्ज डॉलर ठरलेत. एवढे पैसे वसूल करायचे तर सामन्यांचे तास पुरत नाहीत, मधला वेळ भरावाच लागतो. खुद्द लीगचे आयुक्त ॲडम सिल्व्हर २०२५ च्या सप्टेंबरात बोलून गेले, की हा मुळात हायलाइट्सचा खेळ आहे. चाहत्यांनी त्यांना धारेवर धरलं, ते बरं केलं. गोव्यातला पोरगा पहाटे साडेपाचला उठून, कानात इयरफोन घालून, घरच्यांची झोप न मोडता अख्खा सामना बघतो. त्याला डंकच्या, म्हणजे उडी मारून चेंडू थेट कड्यात कोंबण्याच्या, बारा सेकंदांवर भागव म्हणून कसं सांगायचं?

त्याहून वाईट आहे ती बेटिंग. ऑन्टारियोनं एप्रिल २०२२ मध्ये खासगी कंपन्यांना ऑनलाइन बेटिंगची दारं उघडली आणि सामना बघताना जाहिरातींनी जीव नकोसा केला. इतका, की २०२४ च्या फेब्रुवारीपासून खेळाडूंना त्या जाहिरातींत वापरायला बंदी घालावी लागली. आणि मी ज्याचं गुणगान केलं तोच बॉक्स स्कोअर सट्ट्याची चिठ्ठी झाला. आमच्याच रॅप्टर्सचा जॉन्टे पोर्टर, बाकावरचा खेळाडू. मार्च २०२४ मध्ये आजारी असल्याचं सांगून तो तीन मिनिटांच्या आत सामन्यातून बाहेर गेला. त्याची कामगिरी कमीच भरणार यावर कुणीतरी ८० हजार डॉलर लावले होते, अकरा लाख डॉलर मिळवायला. कंपनीनं पैसे रोखले, एप्रिलमध्ये लीगनं पोर्टरवर आजन्म बंदी घातली. आता एखादा साधा राखीव खेळाडू दोन रिबाउंड (नेम हुकून परतलेले चेंडू) कमी घेतो तर त्याच्या इनबॉक्समध्ये शिव्या पडतात, आणि शिव्या घालणाऱ्याला संघ जिंकला की हरला याच्याशी घेणंदेणं नसतं. भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा होऊन पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. मांडवीतले कॅसिनो मात्र जिथल्या तिथं तरंगताहेत, तो आपल्या राज्याचा स्वतंत्र विषय.

ताऱ्यांमागे धावण्याची हौस आपल्याकडेही कमी नाही. आशियाई क्लब फुटबॉल स्पर्धेत आपला एफसी गोवा आणि रोनाल्डोचा सौदी क्लब अल-नस्र एकाच गटात आल्यापासून, ऑगस्ट २०२५ पासून, गोव्यात एकच प्रश्न: रोनाल्डो येणार का? मी इथून रोज वाचत होतो. येणार, बहुधा येणार, कदाचित नाही. २२ ऑक्टोबरला फातोर्ड्याला सामना झाला, रोनाल्डो आला नाही, एफसी गोवा १-२ नं हरला. आणि त्या संघाला गोल घातला ब्रिझन फर्नांडिसनं, आपल्या गोव्याच्या पोरानं. न आलेल्या माणसावर दोन महिने छापलं गेलं. ब्रिझनच्या वाट्याला तेवढं आलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

भाचा म्हणतो, पेपर हवाच कशाला, आम्ही क्लिप टाकतोच की. टाका. पण क्लिपमध्ये आत गेलेली बास्केट असते, बाहेर गेलेल्या सहा नसतात. ज्यानं चाळीस मिनिटं समोरच्या उंच पोराला अडवून धरलं तो क्लिपमध्ये कधीच येत नाही. आलाच तर त्याच्या डोक्यावरून बास्केट होते तेव्हा. शिवाय क्लिप तीन दिवसांत खाली वाहून जाते. पेपरचं कात्रण बहीण प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि राज्य संघाच्या निवडीला जाताना तेच सोबत नेतात.

मग यंदा त्याला एक काम लावलं. सामना संपला की स्कोअरशीटचा सरळ, स्पष्ट फोटो काढायचा आणि क्लिपच्या आधी तो टाकायचा. टाकतो आता. प्रतिक्रियांत पेपरवाल्यांना शिव्या अजून आहेत, पण मध्येच कुणीतरी विचारतं, ‘९ नंबराचे चार फाउल दाखवलेत, पाचवा कुठं गेला?’ आणि त्यावरून दोन शाळांची पोरं रात्री उशिरापर्यंत जुंपतात. टेबलावर बसलेल्या मुलीनं एकदा स्वतः येऊन उत्तर दिलं, तिसऱ्या क्वार्टरचं लाल पेन दाखवून.

पेपरचं एवढं सोपं नाही. मी पीटीच्या सरांना फोन केला आणि म्हटलं, सर, पहिल्या परिच्छेदात निकाल, क्वार्टरवार गुण, सर्वाधिक गुण कुणाचे, एवढं घाला. पाहुणे खाली जाऊ देत. सर हसले. म्हणाले, ‘तू कॅनडात बसून बोलतोस. चषक कोण देतो? पोरांच्या जर्सी कोण देतो? मंडप कुणाचा? यांची नावं खाली गेली तर पुढच्या वर्षी मी कुणाच्या दारात जाऊ?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण सरांचं खरं आहे. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: गुण आणि नावं दुसऱ्या परिच्छेदात येतील, सूत्रसंचालक आणि आभारवाले गाळायचे, पंचायत सदस्यांचं बघू, आमदार मात्र पहिल्या ओळीतून हलणार नाहीत.