पांढऱ्या पायांची

आज सकाळी घरच्या ग्रुपवर एका काकांनी दक्षिण कोरियाची गोल्फपटू पाक से-री हिचा रडतानाचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, "बापाला पोलिसात देणारी पोरगी. कप जिंकून काय उपयोग!" धडाधड अंगठे पडले. त्याच ग्रुपवर माझी ताई आहे. तेव्हापासून हातापायांची आग होतेय, म्हणून इथे लिहितेय.

काका, ती कोण आहे ठाऊक आहे? 1998 चा जुलै. कोरिया कर्जात बुडालेला, लोकांनी देशासाठी घरातलं सोनं नेऊन दिलेलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनला गोल्फची यूएस विमेन्स ओपन चाललेली, ही 20 वर्षांची. चार दिवस खेळून बरोबरी, म्हणून पाचव्या दिवशी पुन्हा 18 होल. अठराव्या होलला चेंडू थेट पाण्याच्या काठावर उतारात अडकला. हिने बूट काढले, मोजे काढले आणि पाण्यात उतरून चेंडू बाहेर मारला. पोटऱ्या उन्हाने रापलेल्या आणि घोट्याखाली पाय पांढरेफटक, मधे मोज्याची रेघ. तरीही बरोबरीच, म्हणून पुढे दोन होल जास्तीचे खेळून जिंकली. ते टीव्हीवर बघून कोरियातल्या किती पोरींनी स्टिक हातात घेतली! त्यातलीच इनबी पार्क 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकली, तेव्हा संघाची प्रशिक्षक से-रीच होती.

ते पाय बघितले की मला ताईच दिसते. एकोणिसाव्या वर्षी नर्स झाली. रात्रपाळीहून आली की बूट काढून मोरीत पाय सोडून बसायची, रात्रभर बुटात कोंडलेले पांढरे पाय. पगार बाबांच्या हातात. बाबांचे तीन धंदे, तिन्ही बुडाले. पतपेढीच्या कागदावर जामीनदार म्हणून तिचं नाव, सही मात्र तिची नव्हतीच. एकाचे पैसे फिटले की दुसरा दारात. बावीस वर्षं! शेवटी एकदा "आता नाही" म्हणाली, तर नात्यातली एक बाई माझ्यासमोर म्हणाली, "पांढऱ्या पायाची कार्टी."

से-री 2024 च्या जूनमध्ये पत्रकारांसमोर दुसरं काय सांगत होती? एक कर्ज फेडलं की दुसरं वर येतं. वडिलांनी तिच्या नावाच्या संस्थेचा खोटा शिक्का वापरला अशी तक्रार त्या संस्थेनेच पोलिसात केली होती. एलपीजीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक गोल्फच्या, 25 स्पर्धा जिंकल्या, त्यात 5 मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या. 2005 ला खेळ पार ढासळला, बोट दुखावलं, तरी पुढच्याच वर्षी मेजर जिंकून उभी राहिली. तिच्या कमाईवर तिचा हक्क कधी सुरू होणार, सांगा ना!

वडिलांनीच तिला गोल्फ शिकवला, मान्य. आमच्या बाबांनीही आजीशी भांडून ताईला नर्सिंगला घातलं, तेही मान्य.

आणि बाबा वाईट नव्हते हो. शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांचं सगळं ताईनेच केलं. कूस बदलताना ते तिचा हात धरून ठेवायचे. एकदाही हिने जुना विषय काढला नाही. पण तो कागद अजून तिच्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. मी पाहिलाय.

लिहिता लिहिताच तिचा फोन आला. "ग्रुपवर भांडू नकोस. ते पाण्यात उतरल्याचं काहीतरी सांगत होतीस ना, ते पाठव."

पाठवलं. आत्ता उत्तर आलंय, "किती गोरे पाय गं तिचे."