‘पॅनल गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

आज सकाळी जिन्याखाली कचऱ्याच्या डब्यांना टेकवून एक ४३ इंची टीव्ही उभा होता. काचेवर ओरखडा नाही, दोन्ही पाय जागेवर. पाठीला कागद चिकटवलेला: ‘पॅनल गेला आहे. हवा असल्यास न्या.’ वायर लावून पाहिली. आवाज खणखणीत, पडदा काळा. मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरला, तर मेनूची अक्षरं न् अक्षरं दिसली. पुसट, पण सगळी. अहो, पॅनल, म्हणजे चित्र बनवणारा पडदा, ठणठणीत आहे! विझलेत ते त्याच्या मागचे दिवे.

तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून हे लिहितोय. चालण्यासारखी वस्तू फेकणं हे वाचणाऱ्या कुणालाच पटत नाही, त्यावर वेगळं भाषण नको. राग आहे तो ‘पॅनल गेला’ या दोन शब्दांवर. हे शब्द उच्चारले की समोरचा प्रश्नच विचारत नाही, सरळ नवा टीव्ही बघायला लागतो.

‘एलईडी टीव्ही’ या नावानेच निम्मा घोटाळा केलाय. पडदा एलसीडीचाच असतो. त्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे पांढऱ्या कागदावर एलईडीच्या पट्ट्या असतात, त्यांचा उजेड पडद्यातून गाळून येतो आणि आपल्याला चित्र दिसतं. म्हणजे चित्र बनवणारा वेगळा, दिवा लावणारा वेगळा. दिवा गेला म्हणून चित्रकाराला मेलेला ठरवायचं?

टॉर्चची परीक्षा कुणालाही जमते. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करा, रिमोटने मेनू उघडा, कारण स्थिर अक्षरं ओळखू येतात, पळतं चित्र येत नाही. टॉर्च काचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर तिरका धरून हळूहळू फिरवा. अक्षरांची सावली दिसली की बॅकलाइट (मागचे दिवे) गेलेला, पॅनल जिवंत. (ओएलईडीवर हे करू नका. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे दिवाच नसतो.) एक मिनिटाचं काम. कागद लिहून चिकटवायला त्याहून जास्त वेळ लागला असेल.

आता सगळा पडदा एकदम काळा का होतो? पट्टीवरचे एलईडी एकामागून एक, माळेसारखे जोडलेले असतात. एक उडाला की माळ तुटते. ड्रायव्हरच्या, म्हणजे या दिव्यांना वीज देणाऱ्या सर्किटच्या, हे लक्षात येतं आणि तो उरलेल्या माळांचाही पुरवठा बंद करतो. म्हणून चालू करताना पडदा सेकंदभर उजळतो आणि मग काळोख. हे लक्षण दिसलं तर संशय आधी पट्ट्यांवर घ्यायचा. ड्रायव्हरच्या आउटपुटवर चालू करताच व्होल्टेज चढून लगेच पडत असेल, तर ड्रायव्हर बहुधा ठीक, माळ तुटलेली. अजिबात चढत नसेल, तर ड्रायव्हर बघा किंवा मेनबोर्डकडून ‘बॅकलाइट लाव’ हा सिग्नल येतोय का ते बघा. पडद्यावर मध्येच पांढरेशुभ्र गोल दिसत असतील तर एलईडीवर चिकटवलेलं भिंग सुटलंय. तेही पॅनलचं दुखणं नव्हे.

पट्टी बदलताना एकटा एलईडी बदलून मोकळं होऊ नका. बाकीचे त्याच्याच वयाचे, तेवढेच भाजलेले. पूर्ण संच बदला. आणि तो टीव्हीच्या मॉडेलवरून मागवू नका! एकाच मॉडेलच्या पोटात दोन-तीन प्रकारचे पॅनल निघतात. पट्टीवर छापलेला नंबर, पट्ट्या किती, प्रत्येकीवर एलईडी किती, लांबी, आणि एलईडी ३ व्होल्टचे की ६ व्होल्टचे, एवढं जुळलं पाहिजे. बोर्डाचंही तेच, बोर्डावरचा नंबर जुळवायचा. मॉडेल तेच पण पॅनल वेगळा असा मेनबोर्ड बसवलात तर चित्र उलटं येतं नाहीतर रंग बिघडतात, आणि पुन्हा कुणीतरी म्हणतं, ‘पॅनल गेला.’

बरं, कबूल करतो, हे काम घरी करण्यासारखं नाही. पट्ट्यांपर्यंत पोचायला पॅनलची काच उचलावी लागते, आणि ती उचलताना फुटते, हे खरंय. जाडी अगदी कमी, आणि काठाला सिग्नल नेणाऱ्या पातळ फिती चिकटवलेल्या. एका फितीला ताण बसला की पडद्यावर कायमची उभी रेघ. म्हणून दोन माणसं हवीत, दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी उचलायची, आणि सपाट गादीवर ठेवायची. खालचे प्लॅस्टिकचे पातळ पत्रे ज्या क्रमाने आणि ज्या तोंडाने निघाले तसेच परत गेले पाहिजेत, फोटो काढत जा. मध्ये धुळीचा कण राहिला तर रोज त्याच ठिकाणी डाग दिसेल. पण जमत नसेल तर ‘माझ्याच्याने होत नाही’ म्हणावं ना! पॅनलवर कशाला ढकलायचं?

पट्ट्या बदलल्यावर सेटिंगमधला बॅकलाइट साठ-सत्तर टक्क्यांवर आणा. बऱ्याच टीव्हींत ‘ब्राइटनेस’ नावाचं दुसरं सेटिंग असतं, ते फक्त काळ्या रंगाची पातळी हलवतं, दिव्यांना त्याने काही विश्रांती मिळत नाही. हे दिवे मरतात ते उष्णतेने, आणि कारखान्यातून टीव्ही येतो तो बहुतेक दिवे भडक लावूनच.

काही चालूच होत नसेल तर गोष्ट वेगळी. लाल दिवा लुकलुकतो, टकटक आवाज येतो, किंवा टीव्ही अर्धा तास ‘तापल्यावर’ सुरू होतो: आधी सप्लाय बोर्डावरचे (वीज पुरवणाऱ्या बोर्डावरचे) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे डबीसारखे भाग, बघा. डोकं फुगलेलं किंवा तळाशी चिकट डाग म्हणजे गेला. नवा घालताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा, आणि ध्रुव उलटे न करता. लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल तर मोजा, तो कोड आहे आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ असतो. एक मात्र ओरडून सांगतो: सप्लायवरच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहतो. दहा मिनिटं थांबा आणि मल्टिमीटरने मोजल्याशिवाय बोट लावू नका. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून मर्दुमकी दाखवू नका.

नुसता पांढरा पडदा, किंवा निगेटिव्हसारखे उलटे रंग, तर टी-कॉन बोर्ड (पॅनलला चित्राचे सिग्नल वाटणारा छोटा बोर्ड) बघा. त्यावरचा इवलासा फ्यूज उडाला तरी पांढरा पडदा येतो. एखाद्याच जोडणीवरून चित्र येत नसेल तर एचडीएमआय केबल आणि पोर्ट बदलून बघा. टीव्ही रडतखडत चालतोय, लोगोवर अडकतोय, तर फॅक्टरी रीसेट. ॲपच मंद असतील तर बाहेरून स्ट्रीमिंग स्टिक लावा, पडद्याला त्यात काही झालेलं नसतं. रिमोट गेला वाटला तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर बटण दाबा. रिमोटचा दिवा कॅमेऱ्यात चमकला तर रिमोट ठीक.

आणि हो, पॅनल खरंच जातो कधीकधी. काच आतून तडकली, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी किंवा शाईसारखा डाग पसरला, तर संपलं. मेनूवरसुद्धा तीच उभी रेघ दिसते आणि टी-कॉन, केबल तपासूनही जात नाही, तर बहुधा काठाची फीत सुटलीय. नवा पॅनल घेणं सहसा नव्या टीव्हीच्या आसपास जातं, तिथे हट्ट धरू नका. हे मीही मानतो, निमूटपणे.

नवा घेताना दुकानातल्या भडक चित्राला भुलू नका, टेप काढा. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद, ५५ इंची १२२, कडा वेगळ्या. पाय टोकांना असतील तर टेबल तेवढं लांब लागतं, ही चूक हमखास होते. बसायचं अंतर पडद्याच्या कर्णाच्या दीडपटीच्या आसपास, म्हणजे ५५ इंचीला साधारण २.१ मीटर. एलसीडी पॅनलच्या दोन जाती: बाजूने बघणारे जास्त असतील तर आयपीएस, अंधारात समोर बसून बघायचं असेल तर व्हीए. ‘४के’ला सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एचडीएमआय २.० पुरतं, १२० फ्रेमच्या खेळांसाठी २.१ लागतं. आणताना उभाच आणा. आल्या आल्या लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पाच पडदे लावून मेलेले ठिपके शोधा, खोका लगेच फेकू नका.

आणि जुना द्यायचा तर त्यातून आपलं खातं बाहेर काढा. जिन्याखालच्या त्या टीव्हीत अजून कुणाचं तरी खातं उघडंच आहे, टॉर्चच्या उजेडात नावसुद्धा वाचता येतं. मघाशी रागात होतो, आता वाईट वाटतंय. त्या माणसाने फेकला नाही, त्याला फेकायला सांगितलं. आणि त्याने कागद लिहून ठेवला, तोही किती नीट अक्षरात.

टीव्ही मी आत आणून उभा ठेवलाय, पाऊस आहे. मागचे स्क्रू काढून बोर्डावरचा नंबर बघतो रात्री. खात्यातून बाहेर पडायला मात्र मेनूत दिसेनासं झालेलं बटण शोधावं लागेल, टॉर्च धरायला कुणीतरी या.