प्रत्येक जंतुसंसर्ग म्हणजे निष्काळजीपणा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले म्हणणे असे की, बालरुग्णांच्या अतिदक्षता कक्षात भरती झाल्यावर लागलेला प्रत्येक जंतुसंसर्ग हा निष्काळजीपणाच असतो, मी आजाराच्या गंभीरतेची ढाल पुढे करून डॉक्टरांची पाठराखण केली आहे, आणि आईला दाराबाहेर बसवणारे कर्मचारी आत मात्र मोबाइल हाताळत फिरतात. यातले शेवटचे मला पूर्णपणे मान्य आहे, पहिले मान्य नाही. मधल्याचा निवाडा आपणच करावा.

रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांत पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या मुलाच्या स्वतःच्या आतड्यातले जंतू रक्तात उतरू शकतात. तिथे कोणाचा हात अस्वच्छ होता, हे शोधून हाती काही लागत नाही. मात्र सेंट्रल लाइनमुळे, म्हणजे औषधे देण्यासाठी मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे, होणारे बरेचसे संसर्ग टाळता येतात, हेही तितकेच खरे आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता कक्षांनी पाच साध्या गोष्टींची शिस्त पाळली, तेव्हा असे संसर्ग दीड वर्षात सुमारे दोन तृतीयांशाने घटले, असे 2006 साली प्रसिद्ध झाले. ते कक्ष मुख्यतः प्रौढांचे होते. मुलांच्या 29 कक्षांचा असाच अनुभव 2010 मध्ये आला, तेव्हा घट 43 टक्के होती आणि तिचे श्रेय लाइन टाकतानाच्या काळजीपेक्षा टाकल्यानंतरच्या रोजच्या निगराणीला जात होते.

ही निगराणी म्हणजे काय, तर औषध देण्यापूर्वी लाइनचे तोंड अल्कोहोलच्या स्वॅबने दहा-पंधरा सेकंद घासायचे, ते वाळू द्यायचे आणि मगच सिरिंज लावायची. दिवसातून एकदा हे कोणीही करील. परंतु रात्री दोन वाजता, एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरवरची तीन मुले असताना आणि चौथ्याचा मॉनिटर वाजत असताना, हेच पंधरा सेकंद सर्वप्रथम वगळले जातात. याला तिचा निष्काळजीपणा म्हणावे की तिची ड्युटी लावणाऱ्या व्यवस्थापनाचा? माझा रोख व्यवस्थापनाकडे आहे, आणि ही डॉक्टरांची पाठराखण नव्हे.

नागपुरात आणखी एक गुंता आहे. पावसाळ्यात डेंग्यू आणि स्क्रब टायफसची (बारीक किडा चावल्याने होणाऱ्या तापाची) मुले गडचिरोली, भंडारा, बालाघाटहून येतात, तेव्हा त्यांतली काही आधीच दुसरीकडे चार-पाच दिवस काढून, लाइन घेऊन आणि जबर प्रतिजैविके पचवून आलेली असतात. भरतीनंतर 48 तासांनी दिसलेला संसर्ग रुग्णालयातला मानण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. पण पोहोचताच रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू शोधण्याची तपासणी, पाठवले नसेल, तर क्लेबसिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टरसारखा रुग्णालयांत आढळणारा जंतू कोणत्या रुग्णालयातून आला यावर नुसती तू-तू मैं-मैं होते.

म्हणून, रुग्णालय चांगले की वाईट हे एका मुलावरून ठरवू नये. रुग्णांना लाइन असलेल्या दर हजार दिवसांमागे किती संसर्ग झाले, हे त्यांना विचारावे. ‘आमच्याकडे शून्य’ असे मोजणी न करताच सांगणाऱ्यांची मला अधिक धास्ती वाटते. रोज सकाळच्या राउंडला ‘ही लाइन आज खरोखर लागणार आहे का?’ असे डॉक्टरांना विचारण्याचा अधिकार आई-वडिलांना आहे. तो त्यांनी न संकोचता वापरावा.

आईबद्दल आपण लिहिले ते योग्यच आहे. तिला दोन मिनिटांत हात स्वच्छ करायला शिकवून बाळाजवळ बसू द्यावे, आणि तिच्या चपला काढून घेण्यात जी तत्परता दिसते, तीच आत जाणाऱ्या प्रत्येकाचे हात तपासण्यात दाखवावी, मोठ्या डॉक्टरांचेही.