मूळचे कोण, बाटले कोण: आयर्लंडमधून बघताना

आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन वाद कधीच संपत नाहीत. या देशात मूळचे कोण हा एक, आणि धर्मांतर हा दुसरा. पहिल्यासाठी राखीगढीच्या (हरियाणातलं हडप्पाकालीन शहर) डीएनएचा लेख फॉरवर्ड होतो, दुसऱ्यासाठी 'तांदळाच्या पोत्यावर बाटले' (म्हणजे धान्याच्या लालचेने ख्रिस्ती झाले) हे ठरलेलं वाक्य, मग मामा आणि पुण्यातला चुलतभाऊ अर्ध्या रात्रीपर्यंत भांडतात. मी डब्लिनमधून वाचतो आणि मला दोघांचंही पटत नाही.

इथं मेयो काउंटीत समुद्राच्या कड्यावर केजे फील्ड्स म्हणून जागा आहे. १९३० च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड नावाचे शाळामास्तर पीट कापत होते (दलदलीतला काळा थर, वाळवून जळण म्हणून वापरतात) तर खाली दगडांच्या रांगा लागायला लागल्या. पीटच्या खाली दगड, म्हणजे पीट साठायच्या आधी कुणीतरी रचलेत, एवढं मास्तरांच्या लक्षात आलं. पुढं मुलगा शेमस आर्किऑलॉजिस्ट झाला आणि पीटमध्ये लोखंडी सळया खुपसत खुपसत त्याने मैलोनमैल बांध शोधून काढले. वावरं, गुरांची कुरणं, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची म्हणतात. बांध एवढे जुने नाहीत असंही काही अभ्यासक म्हणतात, पण त्यावरून कुणी कुणाला देशद्रोही ठरवत नाही. बेलफास्टजवळच्या त्या काळातल्या एका शेतकरी बाईचा डीएनए २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तर तिचे बरेचसे पूर्वज मध्यपूर्वेकडचे निघाले. नंतर ब्राँझ युगात आणखी वेगळे लोक आले, आजचे आयरिश त्यांच्या जास्त जवळचे. म्हणजे पहिला शेतकरीही बाहेरचा आणि नंतरचाही बाहेरचाच, घ्या!

(ग्रुपवरच्या किती जणांनी शिरूर तालुक्यातलं इनामगाव बघितलंय? घोड नदीकाठी साडेतीन हजार वर्षांपूर्वी लोक जव पिकवत होते, गेलेली लेकरं मडक्यात घालून घराच्या जमिनीखालीच पुरत होते. डेक्कन कॉलेजने वर्षानुवर्षं उत्खनन केलं, पण त्याचं फॉरवर्ड येत नाही.)

आता धर्माचं. आयर्लंडात ख्रिस्ती धर्म पसरवणारा संत म्हणजे सेंट पॅट्रिक. त्याने साप हाकलले वगैरे नंतरच्या गोष्टी, आयर्लंडात साप नव्हतेच. त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहिलेलं कबुलीपत्र शिल्लक आहे, ते वाचा. रोमन ब्रिटनमधला मुलगा, सोळाव्या वर्षाच्या आसपास पळवून आणला, सहा वर्षं इथं गुलाम म्हणून मेंढ्या राखल्या, पळून घरी गेला आणि नंतर आपणहून त्याच लोकांत परत आला. तोही पहिला नव्हे, ४३१ मध्ये पोपने पॅलेडियस नावाच्या बिशपला पाठवलं ते इथं आधीच असलेल्या ख्रिश्चनांसाठी. आणि पोत्यांचं म्हणाल तर इथं हिशोब उलटा आहे. राजांना भेटी पॅट्रिक देतो, सोबत फिरणाऱ्या राजपुत्रांना पगार देतो, न्याय करणाऱ्यांना पंधरा माणसांच्या किमतीएवढं देतो, का तर फिरायला वाट मिळावी. बायकांनी वेदीवर टाकलेले दागिने मात्र परत करतो, त्या रुसल्या तरी.

जुन्या शेतकऱ्यांचं पंचांगही मोडलं नाही. जुलैचा शेवटचा रविवार म्हणजे सुगीच्या जुन्या सणाचे दिवस, त्याच दिवशी लोक ७६४ मीटरच्या क्रो पॅट्रिक डोंगरावर चढतात, काहीजण अनवाणी, अगदी आपल्या वारीसारखे.

म्हणून सगळीकडे असंच झालं असं मी म्हणत नाही. गोव्यात सोळाव्या शतकात साष्टी-बारदेशात पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली, १५६० पासून इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) होतं. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स मराठी ओव्यांमधून ख्रिस्त सांगत होते, ओव्या सुरेखच आहेत, पण पाठीशी कोण उभं होतं ते विसरून कसं चालेल? पॅट्रिकच्या पाठीशी फौज नव्हती, उलट ब्रिटनच्या कोरोटिकस नावाच्या सत्ताधाऱ्याच्या सैनिकांनी त्याने नुकताच बाप्तिस्मा दिलेली माणसं मारली, उरलेली गुलाम म्हणून नेली, आणि त्याला फक्त चिडून पत्र लिहिता आलं. मामा गोवा दाखवून सगळ्यांना जबरदस्तीने बाटलेले ठरवतात, भाऊ एखादा साधू माणूस दाखवून जबरदस्ती झालीच नाही म्हणतो. धर्म घेणाऱ्या माणसालाही अक्कल असते, हे दोघांच्याही गावी नाही.

इथलंही सगळं आलबेल नाही, चर्चच्या संस्थांत बायका-मुलांचे जे हाल झाले त्याने लोक अजून संतापतात. २०१६ च्या जनगणनेत ७९ टक्के कॅथलिक होते, २०२२ मध्ये ६९. सोडणाऱ्यांना कुणी पोती दिली ते मामांना विचारलंय, अजून ब्लू टिकच आहे.